चार मिनिटांचा अर्धा तास

दवंडी पिटणाऱ्या माणसाच्या एका गुणाची आठवण आता कोणी काढीत नाही. तो आला नाही, तर आला नाही हे साऱ्या गावाला कळत असे. हलगी ऐकू आली की लोक दारात येत, नाही आली की आपापल्या कामाला लागत. कालची दवंडी आज आपोआप वाजत राहिली आणि माणसे कालच्या बाजाराला आज निघाली, असे कधी झाले नाही. त्याच्यामागून वाचनालयाच्या दारातला फळा आला. त्यावर खडूने ताजी बातमी लिहिलेली असे आणि कोपऱ्यात तारीख. तारीख परवाची दिसली की वाचणारा ओळखी, लिहिणारे गुरुजी परगावी गेलेले आहेत. फळा शिळा होई, पण शिळा असल्याचे स्वतःच सांगे.

आता हलगी गेली आणि खडूही गेला. बसथांब्यावर, चौकात, इस्पितळाच्या दालनात, सरकारी कचेरीच्या दारात पडदे लखलखू लागले आहेत. कोणती बस किती मिनिटांत येईल, कितव्या नंबरच्या रुग्णाला आत बोलावले आहे, आजची हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही, हे सारे ते सांगतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु या पडद्यांच्या अंगी दवंडीवाल्याचा तो गुण उतरला आहे का, हा प्रश्न मला गेल्या उन्हाळ्यापासून छळतो आहे. त्याला कारण घडले ते असे.

मी सकाळी कॉलेजला निघालो होतो. थांब्यावर आमच्या शेजारचे वृद्ध जोडपे उभे होते. आजोबांना ठरावीक दिवशी डायलिसिससाठी इस्पितळात जावे लागते. तिथे यंत्राची वेळ आधी ठरलेली असते. थांब्यावरचा पडदा सांगत होता, बस ४ मिनिटांत येईल. एक रिकामी रिक्षा आली. आजी म्हणाल्या, "अहो, रिक्षाने जाऊ या का?" आजोबांनी पडद्याकडे बोट दाखवले, "चारच मिनिटे आहेत. उगीच पैसे कशाला?" दुसरी रिक्षा आली, तीही गेली. पडद्यावर ४ मिनिटेच होती. पाव तासाने ४ मिनिटे, अर्ध्या तासाने ४ मिनिटे! शेवटी फुलांची टोपली घेऊन चाललेल्या एका बाईने सांगितले, "पुढे रस्ता खणलाय. सकाळपासून बस दुसरीकडूनच जातीय." मी धावत जाऊन कोपऱ्यावरून रिक्षा आणली. पण ते दोघे पोहोचेपर्यंत यंत्रावर दुसरा रुग्ण होता आणि आजोबांना दुपारपर्यंत बाकावर बसून राहावे लागले.

यात बस न येण्याचा दोष मी मोठा मानीत नाही. रस्ते खणले जातात, बसगाड्या वळवल्या जातात. पण पडदा नसता, तर आजी-आजोबा पहिल्याच रिक्षात बसले असते. पडद्याने त्यांचा अर्धा तास तर घेतलाच, शिवाय त्यांची स्वतःची अक्कल वापरण्याची संधीही घेतली. मुका फलक माणसाला फसवीत नाही. बोलणारा फलक मात्र, तो चुकीचे बोलत असेल तर, नक्की फसवतो.

पेटीच्या पोटात

मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणारा माझा एक विद्यार्थी आता असल्याच पडद्यांच्या देखभालीचे काम करतो. त्याला गाठले. "या सर," म्हणून त्याने दुरुस्तीला आलेली एक पेटी माझ्यासमोर उघडली.

आत एक लहानसा संगणक, वीज पुरवणारा डबा, एक पंखा, आणि हाताच्या पंजाएवढे एक यंत्र होते. त्याला राउटर म्हणतात. त्या राउटरच्या पोटात सिमकार्ड होते, आपल्या खिशातल्या फोनमध्ये असते तसेच.

"म्हणजे हा पडदा फोनवर बोलतो?" मी विचारले.

"दिवसभर, सर. आणि आपल्यासारखीच त्यालाही रेंज जाते."

असे का करतात, तेही त्याने सांगितले. रेल्वेचे बरे असते. तिच्या रुळांच्या कडेने तिच्याच तारा धावतात, त्यामुळे स्टेशनवरच्या इंडिकेटरला बातमी घरच्या वाटेने मिळते. बसथांबा मात्र रस्त्याच्या कडेला एकटा उभा असतो. तिथवर तार न्यायची, तर रस्ता खोदायचा, खोदायला परवानगी काढायची, पावसाळा संपेपर्यंत थांबायचे. आणि इतके करून तार टाकली, की पुढच्या वर्षी पाण्याची नळवाहिनी टाकणारे ती तोडून टाकणार! त्यापेक्षा वीज तेवढी असली की सिमकार्ड घालून पडदा दोन तासांत चालू होतो. थांबा हलवला, तर पडदाही हलवता येतो.

भारतातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा हे माणसांनी माणसांशी बोलण्याचे साधन होते. तेवीस वर्षांत यंत्रेच यंत्रांशी एवढी बोलू लागली, की १ जुलै २०१८ पासून यंत्रांच्या नव्या जोडण्यांना तेरा आकडी नंबर देण्याचे ठरले. तुमचा-आमचा नंबर दहा आकडी, वीजमीटरमधल्या किंवा बसमधल्या सिमचा तेरा आकडी. यंत्रांची ही वेगळी पंगतच म्हणायची!

बसथांब्यावरच्या पडद्याला तर या जाळ्याची गरज दोनदा लागते. बसवरचे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा ओळखते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून ती मुख्य संगणकाला कळवते. तो संगणक किती मिनिटे लागतील याचा हिशेब करतो आणि पुन्हा त्याच जाळ्यावरून थांब्याला सांगतो. साखळीची एखादी कडी निखळली, की पडद्याला शेवटचे ऐकलेले वाक्य तेवढे आठवते. आजोबांच्या ४ मिनिटांचे इंगित हेच होते.

लंडनमध्ये १९९२ साली १८ नंबरच्या मार्गावर 'काउंटडाउन' नावाचे असे फलक प्रथम लावून पाहिले. आज त्या शहरातल्या सुमारे एकोणीस हजार थांब्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास थांब्यांवर ते आहेत. उरलेल्या ठिकाणी लोक आपापल्या फोनवर पाहतात. मग आपल्याकडे तरी पडदे कशाला, असे कोणी विचारील. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याची बॅटरी संपली आहे, ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, ज्याला या शहरात येऊन दोनच दिवस झाले आहेत, त्याच्यासाठी! फोन आपल्या मालकाशी बोलतो, थांब्यावरचा पडदा येईल त्याच्याशी बोलतो. म्हणून तर त्याने खरे बोलले पाहिजे.

हजेरी आणि प्रॉक्सी

रेंज का जाते याची यादी माझ्या विद्यार्थ्याने बोटांवर मोजून दाखवली. पत्र्याच्या बंद पेटीत रेडिओलहरी नीट शिरत नाहीत, म्हणून अँटेना पेटीच्या बाहेर, उंचावर हवा. पण पुष्कळदा तो आतच चिकटवलेला असतो. मे महिन्याच्या उन्हात पेटी तापते आणि पंखा धुळीने बसला असेल तर राउटर मान टाकतो. समोर दहा मजली इमारत उभी राहते आणि काल येणारी लहर आज अडते. विसर्जनाच्या रात्री एकाच टॉवरच्या छायेत लाखभर फोन जमतात आणि बिचाऱ्या पडद्याला बोलायला फट मिळत नाही. "आणि सर, सर्वांत साधे कारण राहिलेच," तो हसून म्हणाला, "सिमचे पैसे भरायचे राहून जातात!"

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. पहिला उपाय राखणदाराचा. राउटरचा दिवा हिरवा असतो, जोडणी दिसत असते, पण तिच्यातून काहीच वाहत नाही, असे वरचेवर होते. म्हणून राउटरने दर दोन-तीन मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या संगणकाला हाक मारून पाहायची. तीनदा उत्तर आले नाही, तर मोबाइलचा भाग बंद करून पुन्हा चालू करायचा. तरी नाही, तर सारी पेटी. तरीही नाही, तर दुसरे सिम. "तुम्ही तासाला मध्येच प्रश्न विचारायचात ना सर, आम्ही जागे आहोत का पाहायला? तसेच हे."

दुसरा उपाय दोन सिमकार्डांचा. एका कंपनीची रेंज गेली, तर दुसरीची वापरायची. ऐकायला सोपे, पण यातही एक खोच आहे. आपल्याकडे अनेक कंपन्या एकाच टॉवरवर बिऱ्हाड करून राहतात. सिमे दोन कंपन्यांची घेतली आणि दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवरच्या निघाल्या, तर त्या टॉवरची वीज जाताच दोन्ही सिमे एकदम मुकी होतात. म्हणून सिम विकत घेण्यापूर्वी माणसाने त्या थांब्यावर स्वतः उभे राहून, सकाळी आणि संध्याकाळच्या गर्दीतही, कोणाची लहर कुठून येते हे मोजून पाहावे लागते. ज्या पडद्याची जागा कचेरीतल्या नकाशावर बोट ठेवून ठरवली, त्याचे पुढे काय होते हे आपण पाहतोच.

तिसरा उपाय हजेरीचा. प्रत्येक पडद्याने मिनिटाला एकदा मुख्य संगणकाला 'हजर' म्हणायचे. हजेरी चुकली, की दुरुस्तीवाल्याला निरोप जातो. पण कॉलेजात आयुष्य काढलेल्या माणसाला हजेरीचे मर्म वेगळे सांगायला नको. राउटर 'हजर' म्हणतो, आणि त्याच्या शेजारचा पडदा मात्र काळा ठिक्कर पडलेला असतो. मित्राच्या नावाने 'येस सर' म्हणावे, तसली ही प्रॉक्सी! म्हणून राउटरची हजेरी पुरेशी नाही. पडद्यावर या क्षणी काय दिसते आहे त्याचे चित्र आणि शेवटची बातमी किती वाजताची, हे दोन्ही कळले पाहिजे.

'स्वारगेट'चे वजन

भाषेच्या मास्तराला या साऱ्यात एक गोष्ट विशेष मौजेची वाटली. अक्षरांनाही वजन असते! संगणकांच्या व्यवहारात आज सर्रास जी लेखनपद्धती चालते, तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन. 'स्वारगेट' हा शब्द घ्या. रोमनमध्ये आठ अक्षरे, म्हणजे आठ बाइट. देवनागरीत स, पाय मोडण्याची खूण, व, काना, र, ग, मात्रा आणि ट, अशी आठच चिन्हे. पण बाइट चोवीस. साध्या एसएमएसचेही तसेच. रोमनमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरी लिहायला घेतली की ७०.

"मग मराठी फलक महाग पडतात म्हणायचे!" मी जरा धसकूनच विचारले. त्याने कागदावर हिशेब मांडला. वीस ओळींचा मराठी मजकूर, सर्व खटाटोप धरून, फार तर दोन किलोबाइट. दर अर्ध्या मिनिटाला तो नव्याने पाठवला, तर दिवसाला २,८८० वेळा, म्हणजे सहा मेगाबाइटच्या आत. महिन्याला पावणेदोनशे मेगाबाइट. चांगल्या फोनने काढलेली चार-पाच डझन छायाचित्रे एवढी भरतात! तेव्हा मराठी जड म्हणून फलक इंग्रजीत ठेवला, ही सबब कोणी सांगू लागला तर ऐकू नये.

जाळ्यावर खरे ओझे पडते ते जाहिरातींच्या चित्रफितींचे. त्या रात्री, जाळे मोकळे असताना, उतरवून पेटीतच साठवून ठेवता येतात. शहाण्या रचनेत दिवसा जाळ्यावरून फक्त ताजी बातमी धावते आणि ती इतकी हलकी असते, की विसर्जनाच्या गर्दीतही तिला एखादी फट सापडण्याची आशा असते. ज्याने चित्रफीत आणि बसची वेळ एकाच रांगेत उभी केली, त्याच्या फलकावर साबणाची जाहिरात दिसत राहील आणि बस निघून गेलेली असेल.

सॅन फ्रान्सिस्कोचे मुके फलक

एवढे सगळे जमवले, तरी एक संकट उरतेच. ते वादळासारखे अचानक येत नाही, पंचांगातल्या ग्रहणासारखे आधी सांगून येते आणि तरीही माणसे गाफील सापडतात.

अमेरिकेतल्या एटी अँड टी या कंपनीने २०१२ साली जाहीर केले, की आपले जुने २जी जाळे १ जानेवारी २०१७ पर्यंत बंद होईल. चार वर्षांहून अधिक मुदत होती. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या पुष्कळ बसगाड्यांवरची यंत्रे याच जाळ्यावरून आपली जागा कळवीत असत. ती सगळी वेळेत बदलून झाली नाहीत. २०१७ चे नवे वर्ष उजाडले आणि थांब्यांवरच्या फलकांना त्या गाड्या दिसेनाशा झाल्या. गाड्या रस्त्यावर धावत होत्या, फलकांच्या लेखी मात्र त्या नव्हत्या. संगणकांचे माहेरघर म्हणून जगभर नाव असलेल्या प्रदेशातली ही कथा आहे!

त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी जाळेही बंद केले. आपल्याकडे जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच मुळी ४जीचे. जुन्या २जी राउटरला त्यावर जागाच नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून ५जी आले. लोखंडाचा खांब तीस वर्षे उभा राहतो, पडदा आठ-दहा वर्षे टिकतो, पण जाळ्याची पिढी केव्हा निवृत्त होईल हे महापालिकेच्या हाती नसते. म्हणून खांब उभारतानाच आतला राउटर पुढे बदलता येईल अशी सोय हवी आणि तो बदलण्याचे पैसेही त्याच अंदाजपत्रकात हवेत. आता ई-सिम नावाची सोय झाली आहे. तिच्यामुळे शिडी लावून खांबावर न चढता, कचेरीतूनच सिमची कंपनी बदलता येते. पण राउटरच जुन्या पिढीचा असेल, तर ई-सिमही हतबल होते.

करंजी आणि शंकरपाळे

तरीही जाळे कधीतरी तुटणारच. शंभरातला नव्याण्णव भाग काळ चालू राहणारा पडदा कागदावर उत्तम दिसतो. पण उरलेला एक भाग म्हणजे वर्षातले साडेतीन दिवसांहून अधिक. हे दिवस धो-धो पावसाचे किंवा मिरवणुकीचे असण्याचा संभव जास्त, कारण तेव्हाच वीज जाते आणि तेव्हाच गर्दी होते. म्हणजे नेमकी ज्या दिवशी गरज, त्या दिवशी रजा!

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न पुढेच आहे. जाळे तुटल्यावर पडद्याने काय म्हणावे? याचे उत्तर घरोघरच्या गृहिणींना पाठ आहे. ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशी वासाला लागते. चिवडा पंधरा दिवस कुरकुरीत राहतो. शंकरपाळे देवदिवाळीपर्यंत पुरतात. सगळे जिन्नस एका डब्यात भरून कोणी 'फराळ ताजा आहे' अशी चिठ्ठी लावीत नाही. बातम्यांचेही असेच आहे. बस किती मिनिटांत येईल, ही ओल्या नारळाची करंजी. दोन-तीन मिनिटांत ती टाकून द्यावी. हवेच्या शुद्धतेचा आकडा हा चिवडा. तो काही काळ चालतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१० साली दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने 'सफर' प्रकल्प सुरू केला, त्यातूनच असे आकडे चौकातल्या फलकांवर आले. लसीकरणाची तारीख हे शंकरपाळे. प्रत्येक बातमी पाठवतानाच तिच्या पाठीवर तिचे आयुष्य लिहावे आणि ते संपताच, मुख्य संगणकाच्या हुकमाची वाट न पाहता, पडद्याने ती स्वतः पुसून टाकावी. हुकूम येणार कुठून? वाटच तर तुटलेली असते! हे शहाणपण खांबावरच्या पेटीतच असले पाहिजे.

आणि पुसल्यावर काय लिहावे? 'तांत्रिक कारणास्तव होणाऱ्या असुविधेबद्दल खेद आहे' हे वाक्य मला कुठेही दिसले की मी मनातल्या मनात लाल शाई काढतो. 'असुविधा' हा शब्द हिंदीच्या वळणाचा. आपला शब्द 'गैरसोय'. पण शब्दापेक्षा मोठा दोष असा, की या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी पडद्याने सरळ म्हणावे: 'सकाळी ९ वाजून १० मिनिटांपासून बसची बातमी आलेली नाही. खालच्या वेळा वेळापत्रकातल्या आहेत.' दोनच वाक्ये. ती पेटीत आधीच साठवून ठेवता येतात, त्यांना रेंज लागत नाही. वाचणारा स्वतःच ठरवील, थांबायचे की रिक्षा करायची.

मी हे विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, हे करायला एक दिवसही लागणार नाही. पण 'बातमी आलेली नाही' असे लिहिले, की लोक तक्रार करतात. ४ मिनिटे तशीच राहू दिली, तर कोणाच्या लक्षातच येत नाही."

त्याचा यात दोष नाही. कंत्राटात 'पडदा चालू असावा' एवढीच अट घातली, तर ठेकेदार पडदा चालू ठेवतो. तो खरे बोलतो की नाही हे मोजण्याचे पैसे त्याला कोणी दिलेले नसतात. अट अशी हवी, की पडद्यावरची बातमी ताजी असावी आणि ताजी नसेल तेव्हा तसे लिहिलेले असावे. दंड काळ्या पडद्याला कमी, शिळ्या आकड्याला जास्त.

वाचकहो, तुमच्या-माझ्या करातून हे पडदे उभे राहतात. पुढच्या वेळी थांब्यावर उभे राहाल, तेव्हा मिनिटांचा आकडा वाचण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात ती बातमी किती वाजताची आहे ते लिहिलेले आहे का पाहा. नसेल, तर वॉर्ड कचेरीला चार ओळींचे पत्र टाका. थांब्याचे नाव, दिवस, वेळ आणि पडद्याने काय सांगितले, एवढे पुरे. अशी दहा पत्रे एका टेबलावर जमली, की पुढच्या कंत्राटात ती अट घालायला कोणीतरी उठेल.